मुंबईच्या मातीवरचं टेनिस: इंडियन ओपन कुठे गेली?

ज्यांना ऑडिओ ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय.

आपल्या जालन्याकडे मातीतला खेळ म्हटलं की आधी कुस्ती आठवते. पण टेनिसही मातीवर खेळतात, आणि एकेकाळी जगभरातले व्यावसायिक खेळाडू त्यासाठी मुंबईत यायचे. स्पर्धेचं नाव इंडियन ओपन. १९७३ ते १९७९ अशी सात वर्षं ती झाली आणि मग बंद पडली.

आधी माती समजून घेऊ

क्ले कोर्ट म्हणजे शेतातली माती नव्हे बरं का. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. तिच्यावर चेंडू सरळ उसळणारच नाही. युरोपातल्या लाल कोर्टावर वरचा थर असतो तो चक्क विटांच्या भुकटीचा. आपल्याकडे माती चोपून, रोलर फिरवून कोर्ट करतात. काही ठिकाणी तर ते शेणानं सारवायचे, अगदी अंगणासारखं.

अशा कोर्टावर चेंडू टप्पा पडला की अडतो, वेग कमी होतो आणि उसळी जास्त मिळते. म्हणजे नुसत्या जोरदार सर्व्हिसवर काम भागत नाही. पळावं लागतं, थांबावं लागतं, एकेका गुणासाठी घाम गाळावा लागतो.

सात वर्षं, चार शहरं

त्या काळी व्यावसायिक टेनिसचं मोठं सर्किट होतं ग्रां प्री. १९७० साली सुरू झालेलं. जगभर स्पर्धा, प्रत्येकीचे गुण. १९७३ च्या ऑगस्टमध्ये एटीपीची संगणकावरची क्रमवारी आली आणि त्याच वर्षी इंडियन ओपनही सुरू झाली.

पहिली स्पर्धा दिल्लीत, गवतावर. विजय अमृतराज जिंकला. १९७४ ला ती मुंबईत आली, मातीवर. न्यूझीलंडच्या ऑनी पारूननं अंतिम सामन्यात टोनी रोशला हरवलं. हा रोश म्हणजे १९६६ चा फ्रेंच विजेता, मातीवर मुरलेला माणूस! १९७५ ला कलकत्ता. तिथे अमृतराजनं मॅन्युएल ओरांतेसला हरवलं, जो त्याच वर्षी अमेरिकन ओपन जिंकून बसला होता. १९७६ ला बंगळूर. आपला शशी मेनन अंतिम फेरीत पोचला, पण ऑस्ट्रेलियाच्या किम वॉरविकनं त्याला हरवलं. १९७७ ला पुन्हा मुंबई, पुन्हा अमृतराज.

१९७८ ला कलकत्त्यात एक १८ वर्षांचा फ्रेंच पोरगा जिंकला, यानिक नोआ. त्याआधी तो मनिला जिंकून आला होता. पाच वर्षांनी, १९८३ मध्ये, त्यानं पॅरिसच्या लाल मातीवर फ्रेंच ओपन जिंकली.

१९७९ ला शेवटची स्पर्धा, मुंबईत. विजेता पुन्हा अमृतराज. सातपैकी चार वेळा तोच.

गेलं काय नेमकं?

या यादीत एक गोष्ट चटकन दिसते. सलग दोन वर्षं स्पर्धा एका गावात झालीच नाही. आज दिल्ली, उद्या मुंबई, परवा कलकत्ता. आठवडी बाजार तरी ठरल्या वारी ठरल्या जागी भरतो! ठरलेलं गाव नाही, ठरलेलं कोर्ट नाही, मग हक्काचा प्रेक्षक कुठून जमणार? माझ्या मते स्पर्धेचा हा मोठा कच्चा दुवा होता.

आणि नुकसान फक्त प्रेक्षकांचं नाही. शशी मेननला अंतिम फेरीचे गुण मिळवायला परदेशाचं तिकीट काढावं लागलं नव्हतं. घरच्या स्पर्धेचा खरा फायदा तो असतो.

पुढे १९९६ ला दिल्लीत आणि १९९७ पासून चेन्नईत एटीपी स्पर्धा होऊ लागली. २०१८ ला ती पुण्यात बालेवाडीला आली, महाराष्ट्र ओपन म्हणून. पण ती हार्ड कोर्टवर, म्हणजे सिमेंटसारख्या टणक पृष्ठभागावर. २०२३ नंतर तीही पुण्यातून गेली.

आता सुमित नागल बघा. २०२४ ला माँटे कार्लोत मातीवरच्या मास्टर्स १००० स्पर्धेच्या मुख्य फेरीत एकेरीचा सामना जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. त्याच वर्षी क्रमवारीत ६८ व्या स्थानापर्यंत गेला. पण सरावासाठी त्याला जर्मनी गाठावी लागली. ज्याच्या घरी तेवढा पैसा नाही, त्या पोरानं काय करायचं? मोसंबीच्या बागेवर चालणाऱ्या घरातून वर्षभर युरोपात राहण्याचा खर्च निघतो का?

तुमच्यापैकी कुणी, किंवा घरातल्या कुणा काका-मामांनी, मुंबईतले ते सामने पाहिले असतील तर जरूर कळवा. पुढच्या भागात वाचून दाखवू.