झाडावरची नोटीस

आमच्या फाटकाबाहेर पदपथावर एक गुलमोहर आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात एका सकाळी दूध आणायला उतरलो, तर त्याच्या बुंध्यावर पालिकेचा कागद डकवलेला. सदर वृक्ष तोडण्यास हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे. अर्ज समोरच्या बैठ्या घरातल्या वहिनींचा.

कागदावर हरकत घेणं हा बँकेतल्या चौतीस वर्षांत माझा पोटापाण्याचा उद्योगच होता. घरी येऊन १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा वाचून काढला. शहरातलं झाड, मग ते रस्त्यावरचं असो की आपल्या परसातलं, परवानगीवाचून तोडता येत नाही. त्याआधी झाडावर नोटीस, वर्तमानपत्रात जाहिरात, जागेवर पाहणी. २०२१ च्या दुरुस्तीने तर पन्नास वर्षांच्या झाडाला प्राचीन वृक्षाचा मान दिला, आणि झाड तोडलंच तर त्याचं वय जितकं तितकी नवी झाडं लावायची असा हिशेब घातला. (झाडाचं वय नेमकं कोण सांगणार, हा माझ्यातल्या अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न!) मी दोन पानी हरकत ठोकून दिली.

उद्यान विभागाचा माणूस आला. त्याने बुंधा ठोकून पाहिला, मान वर करून बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "साहेब, गुलमोहर परदेशी. लाकूड ठिसूळ, मुळं वरवरची. त्यात तुम्ही लोकांनी बुंध्यापर्यंत फरशा बसवल्यात. पाणी मुरणार कुठून?" निर्णय असा झाला, की झाड ठेवावं आणि वहिनींच्या अंगणावर आलेली पोकळ फांदी उतरवावी.

मी जिंकलो. वहिनींनी बोलणं टाकलं.

फांदीखालून विजेच्या तारा जातात. त्या बंद केल्याशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही, आणि बंद करण्यासाठी दुसऱ्या कार्यालयाचं पत्र लागतं. ते पत्र कुठल्या टेबलावर होतं कोण जाणे. मीही विचारायला गेलो नाही. माझं काम झालं होतं ना! मृगाच्या दुसऱ्या पावसात फांदी आली खाली. वहिनींच्या सासूबाई वाळत घातलेले कपडे काढत होत्या. त्यांचं मनगट मोडलं.

मोसंबी घेऊन भेटायला गेलो, तेव्हा उंबरठ्यातच पाय अडला. सासूबाईंनीच आत बोलावलं. "बसा हो. ते झाड ह्यांनी लावलेलं. तोडू नकोस म्हणून मीच हिच्याशी भांडत होते. पण फांदीसाठी कुणी भांडलं नाही बघा."

वहिनींनी चहा आणून ठेवला. तोंडाने काही बोलल्या नाहीत.

त्यानंतर आम्ही दोघांच्या सह्यांनी एक अर्ज दिला. उरलेल्या सुक्या फांद्या पावसाआधी काढाव्यात, बुंध्याभोवतीच्या फरशा उखडून माती मोकळी करावी. सुक्या फांद्या निघाल्या. फरशा पालिकेच्या दुसऱ्या विभागाकडे येतात म्हणे, त्या अजून तशाच आहेत. येत्या मंगळवारी पुन्हा जायचं ठरलंय. काल संध्याकाळी वहिनींनी गॅलरीखालून हाक मारून सांगितलं, "भाऊजी, या खेपेला आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठायचं नाही हं!"