इंजेक्टर गेला, की त्याची वायर?

चार सिलिंडरची पेट्रोल गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरते, चढाला दम टाकते आणि मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. स्कॅनर जोडला की पी-०२०३ हा कोड मिळतो. पुढचं वाक्य बहुतेक गॅरेजांत ठरलेलं असतं: तीन नंबरचा इंजेक्टर गेला, बदलावा लागेल. कधी कधी ते खरंही निघतं. पण कोड तसं म्हणत नसतो. पी-०२०१ ते पी-०२०४ हे कोड एक ते चार नंबरच्या इंजेक्टरच्या सर्किटबद्दल असतात. सर्किटात इंजेक्टर येतो, तसाच त्याचा कपलर येतो, दोन वायरी येतात, फ्यूज, रिले आणि ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरही येतो. यातल्या महाग वस्तूंपैकी एखादी बदलून बघण्याला तपास म्हणत नाहीत.

आत काय घडतं

साध्या मल्टिपॉइंट पेट्रोल इंजिनातला इंजेक्टर ही विजेवर उघडणारी एक बारीक झडप असते. आत तांब्याच्या तारेची कॉइल आहे. तिच्यातून करंट गेला की चुंबक तयार होतो, सुई उचलली जाते आणि साधारण तीन-चार बार दाबाचं पेट्रोल इनटेकमध्ये फवारलं जातं. करंट तुटला की स्प्रिंग सुईला परत जागेवर बसवते. आयडलला हे उघडणं जेमतेम दोन ते चार मिलिसेकंदांचं असतं. इंजिन ८०० आरपीएमने फिरत असेल, तर प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला ४०० वेळा उघडतो.

कपलरला दोनच वायरी असतात. चावी चालू केली की एकीवर रिले आणि फ्यूजमधून बॅटरीचा प्लस येतो. बहुतेक गाड्यांत चारही इंजेक्टरना तो एकाच जोडावरून वाटलेला असतो. दुसरी वायर ईसीएमकडे जाते, आणि ईसीएम ठरल्या क्षणी तिला अर्थिंग देतो व काढून घेतो. म्हणजे ईसीएम करंट पुरवत नाही, तो फक्त वाट पूर्ण करतो. हे डोक्यात पक्कं असलं की कुठे बघायचं ते आपोआप ठरतं. चारही इंजेक्टर गप्प असतील तर फ्यूज, मेन रिले किंवा क्रँक सेन्सरकडे वळायचं. एकच गप्प असेल तर तो इंजेक्टर, त्याचा कपलर, प्लसच्या जोडापासून त्याच्यापर्यंत आलेला फाटा, ईसीएमकडे जाणारी त्याची स्वतःची वायर आणि ईसीएममधला त्याचा ड्रायव्हर (वायरीला अर्थिंग देणारा स्विच), एवढंच तपासाचं क्षेत्र उरतं.

कोड काय सांगतो, काय सांगत नाही

काही गाड्या पी-०२०३ ऐवजी पी-०२६७ किंवा पी-०२६८ देतात. पहिला 'लो', दुसरा 'हाय', दोन्ही तीन नंबरचेच. 'लो' म्हणजे ईसीएमच्या पिनवर अपेक्षित व्होल्टेज दिसलं नाही. वायर तुटली असेल किंवा कुठेतरी बॉडीला टेकली असेल. 'हाय' म्हणजे अर्थिंग देऊनही व्होल्टेज खाली येत नाही. वायर प्लसला टेकली असेल किंवा इंजेक्टरची कॉइल आतून शॉर्ट झाली असेल. कंपनीगणिक यात थोडा फरक पडतो, पण दिशा मिळते.

नुसता पी-०३०३ आला, म्हणजे तीन नंबरचं मिसिंग, आणि सर्किटचा कोड सोबत नसेल, तर आधी स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल बघावी. प्लग काढून पाहिला तरी बरंच कळतं. ठिणगी पडत नसेल तर प्लग पेट्रोलने ओला आणि सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास. इंजेक्टर बंद असेल तर प्लग कोरडा, वासही नाही.

इथे एक सापळा आहे. ठिणगीअभावी न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये गेलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतो, म्हणून अनेक ईसीएम मिसिंग ओळखल्यावर त्या सिलिंडरचा इंजेक्टर मुद्दाम बंद करतात. अशा वेळी इंजेक्टरला सिग्नल मिळत नाही हे निरीक्षण बरोबर असतं आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा. इंजिन बंद करून पुन्हा सुरू करायचं आणि पहिल्या काही सेकंदांतच सिग्नल बघायचा, म्हणजे हा गोंधळ टळतो.

सीएनजीवर नीट, पेट्रोलवर नाही

मुंबई-पुण्याकडच्या सीएनजी गाड्यांत तपासाची एक सोय फुकट मिळते. प्लग, इग्निशन कॉइल, कॉम्प्रेशन हे दोन्ही इंधनांना सामाईक आहे. गाडी गॅसवर गुळगुळीत चालते आणि पेट्रोलवर टाकताच मिसिंग करते, तर या सामाईक गोष्टींवरचा संशय बराचसा उतरतो आणि पेट्रोलच्या इंजेक्टरकडे बोट जातं.

त्यातही किट बाहेरून बसवलेलं असेल तर हात आधी तिथे न्यावा. सिक्वेन्शियल किट बसवताना पेट्रोल इंजेक्टरची ईसीएमकडे जाणारी वायर कापून गॅसच्या वेगळ्या ईसीयूमधून (कंट्रोल युनिटमधून) फिरवतात, म्हणजे गॅसवर असताना पेट्रोल बंद राहतं. प्रत्येक इंजेक्टरमागे असे दोन जोड वाढतात. नीट क्रिंप करून झाकलेले असतील तर वर्षानुवर्षं टिकतात. नुसते पिळून टेप गुंडाळलेले असतील तर एखाददुसऱ्या पावसाळ्यात हिरवे पडतात. कंपनीने बसवलेल्या सीएनजी गाड्यांत हार्नेसच (वायरींचा जुडगा) तसा बनवलेला असतो, तिथे हा प्रश्न सहसा येत नाही.

मीटर लावण्याआधी डोळे आणि कान

इंजिन चालू ठेवून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरच्या अंगावर आणि मूठ कानाला लावली की टिकटिक ऐकू येते. बेल्ट आणि पंख्यापासून बाही, ओढणी, केस लांब ठेवून हे करावं. चारपैकी एक मुका असेल तर लगेच लक्षात येतं. टिकटिक येते याचा अर्थ सुई हलते आहे. पेट्रोल नीट फवारलं जातं की नाही हे त्यावरून कळत नाही.

मग इंजिन बंद करून कपलर बघावा. त्याची लॉकची जीभ उष्णतेने ठिसूळ होऊन तुटलेली असते आणि कपलर अर्धवट बसलेला असतो, हे फार वेळा दिसतं. आत हिरवट गंज आहे का, पिन मागे सरकली आहे का, हार्नेस जिथे वळतो किंवा ब्रॅकेटला घासतो तिथे वायर कडक झाली आहे का, हे बघावं. पावसाळ्यात बॉनेटखाली ऊब आणि कोरडी जागा शोधत उंदीर येतात आणि नेमक्या याच बारीक वायरी कुरतडतात. इंजिनावर सुपाऱ्या, लेंड्या, पाव-चपातीचे तुकडे सापडले तर आधी हार्नेसचा खालचा, न दिसणारा भाग तपासावा.

ओहमचा आकडा

चावी बंद करून, कपलर काढून, इंजेक्टरच्या दोन पिनांवर मल्टीमीटर लावला की कॉइलचा रेझिस्टन्स मिळतो. आजच्या बहुतेक मल्टिपॉइंट इंजेक्टरमध्ये तो सुमारे १२ ते १६ ओहम असतो. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटली, दोन-चारच ओहम दाखवत असेल तर ती शॉर्ट आहे. मात्र जुन्या काही इंजेक्टरचा मूळ रेझिस्टन्सच इतका कमी असतो, म्हणून शेजारच्या तिघांशी तुलना केल्याशिवाय निकाल देऊ नये.

तुलना एकाच तापमानाला करायची. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सियसला सुमारे ०.४ टक्का वाढतो. २० अंशांना १४ ओहम दाखवणारी कॉइल ९० अंशांना जवळजवळ १८ दाखवते, आणि त्यात बिघाड काहीच नसतो. उलट, सकाळी थंड इंजिनावर १४ ओहम देणारी कॉइल तापल्यावर आतून सुटते, असंही होतं. गाडी अर्ध्या तासाने मिसिंग करायला लागत असेल तर ती तेव्हाच तपासावी. थंड गाडीवर घेतलेला चांगला आकडा अशा तक्रारीत काही कामाचा नाही.

लोड टाकून बघा

या सगळ्या कामात सर्वांत जास्त फसवणूक होते ती मीटरच्या १२ व्होल्टने. काढलेल्या कपलरच्या प्लसवर मीटर १२.६ दाखवतो आणि पुरवठा ठीक असल्याचं जाहीर होतं. पण डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. वाटेतल्या गंजलेल्या पिनेत १० ओहमचा अडथळा असला तरी त्याला ते जाणवत नाही. आकडा तोच येतो. नळाला तोटी लावून दाब मोजला आणि पाणी सोडून पाहिलंच नाही, तसं हे.

हिशोब करून बघा. इंजिन चालू असताना १४ व्होल्ट आणि कॉइल १४ ओहमची, तर एक अँपियर करंट जातो. मध्ये १० ओहम आले की एकूण २४, आणि करंट ०.५८ अँपियरवर येतो. सुई उशिरा उचलते, कधी उचलतच नाही. मीटरवर सर्व काही ठीक, गाडी मात्र मिसिंग करते.

उपाय स्वस्त आहे: इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब आणि दोन वायरी. चावी चालू करून हा बल्ब कपलरच्या प्लस आणि बॅटरीच्या मायनसमध्ये जोडायचा. लख्ख पेटला तर प्लसची बाजू खरोखर धडधाकट. मंद पेटला तर वाटेत अडथळा आहे. काही गाड्यांत चावी फिरवल्यावर हा प्लस दोन-तीन सेकंदच राहतो, तेवढ्यात बघावं लागतं.

ईसीएमकडच्या वायरीवर हा बल्ब कधीही तसाच लावू नये. आतला ड्रायव्हर जळू शकतो. तिथे नॉइड लाइट वापरतात. कपलरमध्ये बसणारा हा छोटा एलईडी इंजिन फिरवताना लुकलुकला तर ईसीएमचा सिग्नल पोचतो आहे. लुकलुकला नाही तर बॅटरी काढून, ईसीएमचा सॉकेट सोडवून, फक्त त्या एका वायरीची दोन टोकं तपासायची. आता ईसीएम सुटा असल्याने वेगळ्या बॅटरीवरून वायरीतून तोच बल्ब पेटवून बघायलाही हरकत नाही. एलईडीला करंट अगदी थोडा लागतो, त्यामुळे लुकलुकणारा नॉइड लाइट वायर पूर्ण निर्दोष असल्याचा पुरावा देत नाही. ऑसिलोस्कोप असेल तर प्रश्नच मिटतो: इंजेक्टर बंद होताना ६० ते ८० व्होल्टचा उंच काटा आणि उतारावर सुई बसल्याची बारीक गाठ दिसते. पण तो किती गॅरेजांत असतो?

उलट प्रकारचा बिघाड जास्त धोक्याचा आहे. ईसीएमकडची वायर सोलली जाऊन बॉडीला टेकली, तर चावी चालू असेपर्यंत इंजेक्टर उघडाच राहतो. काळा धूर, ओला प्लग, ऑइलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास ही त्याची चिन्हं. अशा गाडीला सेल्फ मारत राहू नये. सिलिंडर पेट्रोलने भरला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

वायरीची दुरुस्ती

पिन सैल किंवा गंजलेली असेल तर ती घासत बसण्यापेक्षा वायरीसकट तयार मिळणारा नवा कपलर लावावा. वायर जोडताना त्याच जाडीची घ्यावी, नीट क्रिंप करावी आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी बसवावी. सोल्डर चालतं, पण सोल्डरच्या कडेला वायर कडक होते आणि इंजिनाच्या थरथरीने तिथेच तुटते, म्हणून जोडाला आधार हवा. दोन्ही वायरींचे जोड शेजारी शेजारी न घेता पुढे-मागे घ्यावेत. वायरीला सुई टोचून तपासायची सवय असेल तर ती सोडावी. त्या भोकातून पाणी शिरतं आणि काही महिन्यांनी तिथे नवा बिघाड होतो.

मग कोड पुसून, आयडलला चालू असलेल्या इंजिनात हार्नेस हाताने हळूहळू हलवून बघायचा. ठोका चुकला नाही, तर गाडी तापेपर्यंत फिरवून पुन्हा स्कॅन करायचं.

इंजेक्टरच गेला असेल तर

खात्रीसाठी तीन नंबरचा इंजेक्टर दुसऱ्या सिलिंडरवर लावून बघतात. कोड त्याच्यामागे गेला तर दोष इंजेक्टरचा. इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी रेल उघडण्याआधी पंपाचा रिले काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे दाब उतरतो. तरीही थोडं पेट्रोल सांडतंच, त्यामुळे थंड इंजिनावर, बॅटरी काढून आणि अग्निशामक जवळ ठेवून काम करावं. ओ-रिंग नव्या, त्यांना इंजिन ऑइलचा हलका हात.

ईसीएमवर संशय सर्वांत शेवटी. आणि ड्रायव्हर खरंच जळला असेल तर तो कशाने जळला ते आधी शोधायचं. शॉर्ट झालेला इंजेक्टर तसाच ठेवून नवा ईसीएम बसवला तर तोही जातो.

डिझेल आणि डायरेक्ट इंजेक्शन

वरचं काहीही या गाड्यांना तसंच लावू नये. डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोलमध्ये ईसीएम इंजेक्टरला सुमारे ६५ व्होल्टचा धक्का देतो आणि कॉइल एक-दोन ओहमची असते. कॉमन रेल डिझेलच्या सोलेनॉइड इंजेक्टरमध्ये ती एका ओहमहूनही कमी भरते, आणि पिएझो प्रकारात आकडा लाखावर जातो. रेलमधला दाब १,६०० बार किंवा त्याहून जास्त असतो. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. नाशिकच्या सातपूरला असे डिझेल नोझल आणि इंजेक्टर बनतात. त्यांच्या मोजमापातले फरक इतके सूक्ष्म असतात की अनेक कॉमन रेल गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरवर त्याचा स्वतःचा कोड छापलेला असतो, आणि इंजेक्टर बदलल्यावर तो स्कॅनरमधून ईसीएममध्ये भरावा लागतो. त्याशिवाय इंजिन सुरू झालं तरी खडखडत राहतं.