काविळीची माळ लांबते. पण कावीळ उतरते का?

पावसाळ्यात आमच्या वस्तीत कोणाचे डोळे पिवळे झाले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कुठे उतरवली?" डॉक्टरांना दाखवले का, हे फार थोडे लोक विचारतात.

काही वर्षांपूर्वी वाळूजला कंपनीत जाणाऱ्या आमच्या एका शेजाऱ्याला कावीळ झाली. घरच्यांनी माळ आणून डोक्यावर घातली. माळ लांबत लांबत गळ्यात उतरली आणि तीन आठवड्यांत गडी कामावर रुजू झाला. माळ देणाऱ्याचे नाव वस्तीभर झाले. पुढे पंधरा दिवसांनी त्याच्या बायकोचे डोळे पिवळे झाले. तिला आठवा महिना होता. घरच्यांनी पुन्हा तीच माळ घातली. चौथ्या दिवशी ती असंबद्ध बडबडू लागली, तेव्हा आम्ही तिला रिक्षात घालून घाटीत नेले. महिन्याने ती घरी आली; बाळ आले नाही.

त्या माउलीचा दोष नव्हता. दोष आपल्या अज्ञानाचा. म्हणून हे चार शब्द.

माळेचे गुपित

माळ ओल्या काड्यांची, सैल गाठींची असते. काड्या वाळून आक्रसतात, गाठी सरकतात आणि माळ लांबते. निरोगी माणसाच्या डोक्यावर घातली तरी ती लांबेल. हातावर आंब्याच्या सालीचा रस चोळून चुन्याच्या निवळीत धुतले की पाणी पिवळे होते. ती कावीळ नव्हे, रंग असतो. मग माणूस बरा होतो कसा? कारण दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय मात्र माळेला जाते.

दोन वाटा

कावीळ हे लक्षण आहे. यकृताला सूज आली की रक्तातील पिवळे द्रव्य वाढते; लघवी गडद होते, भूक मरते, मळमळते. ही सूज आणणारे मुख्य विषाणू पाच : ए, बी, सी, डी आणि ई. 'ए' व 'ई' दूषित पाण्या-अन्नातून येतात. 'बी' व 'सी' रक्तातून, न उकळलेल्या सुईतून, दुसऱ्याच्या वस्तऱ्यातून पसरतात. 'बी' शरीरसंबंधातून व बाळंतपणात आईकडून बाळालाही जातो. 'डी' फक्त 'बी' असलेल्यालाच गाठतो.

2012 साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. यंत्रमाग कामगारांच्या त्या गावात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले होते. विषाणू होता 'ई'. हाच 'ई' गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाला, तर शंभरातील वीस-पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. म्हणून गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

आपल्या शहरात गेली कित्येक वर्षे नळाला रोज पाणी आलेले नाही. जायकवाडीचे पाणी आपण ड्रमात साठवतो. नळ बंद असताना फुटक्या पाइपात गटाराचे पाणी शिरते. म्हणून नळ आल्यावर पहिले गढूळ पाणी सोडून द्यावे. पिण्याचे पाणी खळखळ उकळून किमान मिनिटभर तसेच उकळू द्यावे. तुरटीने गाळ बसतो, विषाणू मरत नाही. ड्रमात हात न घालता दांड्याचे ओगराळे वापरावे. शौचानंतर व स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुवावेत.

गुपचूप वाढणारी

'बी' आणि 'सी' मध्ये पुष्कळदा कावीळ दिसतच नाही. वर्षानुवर्षे माणूस धडधाकट वाटतो आणि आत यकृत आकसते किंवा कर्करोग होतो. 'बी' ची लस आहे. बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत पहिली मात्रा सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पुढच्या मात्रा सहा, दहा व चौदा आठवड्यांनी. जन्मतः लागण झालेल्या शंभर बाळांपैकी नव्वदांना हा रोग कायमचा चिकटतो. म्हणून गरोदरपणी 'बी' ची तपासणी चुकवू नये. आपले अनेक भाऊ-बहिणी सफाईकाम करतात, इस्पितळात वॉर्डबॉय, आया आहेत. कचऱ्यातील सुई टोचण्याचा धोका त्यांनाच. त्यांनी तिन्ही मात्रा घ्याव्यात. 'सी' ला लस नाही; पण साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातील पंचाण्णवांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. 'बी' सहसा मुळातून जात नाही, परंतु ज्यांना गरज असते त्यांना गोळ्यांनी आवरता येतो. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. घाटीत चौकशी करावी.

'ए'-'ई' वर खास औषध नाही. विश्रांती, पचेल ते साधे जेवण आणि दारू पूर्ण बंद. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठल्याच गोळ्या, काढे घेऊ नयेत. उलट्या थांबेनात, ग्लानी आली, बोलणे असंबद्ध झाले, रक्त पडले, तर एक तासही घरी दवडू नये.

शेवटी एक. 'बी' निघाला म्हणून घरातल्याच माणसाचे ताट-तांब्या वेगळे केलेले आम्ही पाहिले आहे. एका पंगतीत जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, हात धरल्याने 'बी' होत नाही. वेगळ्या भांड्याचा अपमान आपल्या आजा-पणजांनी आयुष्यभर गिळला. तो आपण आपल्याच माणसाला देऊ नये. वेगळे ठेवायचे ते ब्लेड, वस्तरा आणि दात घासायचा ब्रश.

माळ घालायचीच असेल, तर ती बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आल्यावर फुलांची घालूया!