गुलबेंकियनचे संगीत संमेलन : पहिल्या प्रयोगानंतर काय?

लिस्बनच्या गुलबेंकियन प्रतिष्ठानाने 1977 साली समकालीन संगीताचे वार्षिक संमेलन सुरू केले आणि 2002 साली बंद केले. त्या पंचवीस वर्षांत पोर्तुगालमध्ये नव्या संगीताला एवढे मोठे व्यासपीठ दुसरे नव्हते. त्याची थोरवी सांगताना बहुतेक जण तिथे येऊन गेलेल्या नामवंतांची यादी पुढे करतात. यादी भारदस्त आहे, पण तिच्यावरून महोत्सव जोखता येत नाही. तिथे पहिल्यांदा वाजलेली रचना पुन्हा कुठे वाजली का, आणि ती वाजवू शकणारे वादक मागे उरले का, हे विचारायला हवे. मराठी रंगभूमीवर शंभराव्या, पाचशेव्या प्रयोगाचा फलक लागतो. समकालीन पाश्चात्त्य संगीतात मात्र मान मिळतो तो पहिल्या प्रयोगाला. वर्तमानपत्रांची दखल, अनुदान, संगीतकाराची हजेरी, सगळे त्या एका संध्याकाळी. पुढे स्वरलिपी कपाटात जाते.

आपल्याकडे नवी बंदिश एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. ती टिकायला एक गुरू आणि दोन शिष्य पुरतात. वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या रचनेचे तसे नाही. पोर्तुगीज संगीतकार इमॅन्युएल नुनेस यांची 1991 मधली ‘क्वोडलिबेट’ ही रचना घ्या. दोन संचालक, सभागृहात ठिकठिकाणी विखुरलेले वादक. पहिला प्रयोग लिस्बनच्या कोलिझेउ या गोलाकार, सर्कशीही पाहिलेल्या नाट्यगृहात झाला. असे काही पुन्हा उभे करायचे तर तालमींचा खर्च, योग्य जागा आणि तयार वादक हे तिन्ही एकत्र यावे लागते. तिकीटविक्रीतून ते जमत नाही. म्हणजे कोणीतरी पदरमोड करायलाच हवी, आणि इथे हा विषय संगीताच्या बाहेर पैशाकडे जातो.

गुलबेंकियनचा पैसा तेलाचा. कालूस्त गुलबेंकियन हे मूळचे ऑटोमन साम्राज्यातले आर्मेनियन. इराकच्या तेलातला पाच टक्के वाटा त्यांनी आयुष्यभर राखला आणि 1955 साली लिस्बनमध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी प्रतिष्ठान स्थापन झाले. मराठी वाचकाला ते कदाचित गोव्यातून ठाऊक असेल: 1994 साली राशोलच्या सेमिनरीत सुरू झालेल्या, पुढे जुन्या गोव्यात गेलेल्या ख्रिस्ती कला संग्रहालयाला याच प्रतिष्ठानाचा हातभार लागला. 1962 साली प्रतिष्ठानाने स्वतःचा वाद्यवृंद उभा केला, 1964 साली गायकवृंद. तेव्हा देशावर सालाझारची हुकूमशाही होती. त्यामुळे आक्षेप येतो की, हे हुकूमशहाच्या सावलीतले, तेलाच्या पैशाचे मखर. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण प्रतिष्ठानानेच लिहवून घेतलेली यानिस झेनाकिस यांची ‘न्युई’ ही गायनरचना राजकीय कैद्यांना अर्पण केलेली आहे, आणि त्यात नावानिशी उल्लेखलेला एक कैदी पोर्तुगालच्या तुरुंगातला आहे. सरकारी तिजोरीतून अशा अर्पणपत्रिकेला पैसे मिळाले नसते. पैशाचा उगम महत्त्वाचा खराच, पण तो पैसा कोणाच्या लहरीवर अवलंबून आहे हे त्याहून महत्त्वाचे.

प्रतिष्ठानाने लिहवून घेतलेल्या कृतींपैकी जगभर पुन्हा पुन्हा वाजणारी एक मोठी कृती फ्रेंच संगीतकाराची आहे: ऑलिव्हिए मेसियाँ यांची ‘ट्रान्सफिगरेशन’, जी 1969 साली लिस्बनमध्ये प्रथम सादर झाली. मेसियाँच्या पाठीशी पॅरिसचे प्रकाशक आणि वाद्यवृंद होते. पोर्तुगीज संगीतकारांपैकी नुनेस 1964 साली पॅरिसला गेले, परदेशी प्रकाशकांकडे छापले गेले, म्हणून त्यांच्या कृती त्या मानाने फिरल्या. झोर्झ पेइशिन्यो मात्र लिस्बनमध्ये राहिले. गुलबेंकियनच्या शिष्यवृत्तीवर रोममध्ये शिकलेल्या या माणसाने 1970 साली लिस्बनचा समकालीन संगीतगट काढला, शिकवले, संचालन केले, पियानो वाजवला, आणि 1995 साली वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या कितीतरी स्वरलिपी हयातीत हस्तलिखितातच राहिल्या. प्रतिष्ठानाने संगीतकार घडवले, रचना लिहवून घेतल्या, पण त्या पुढे नेणारी वाट बांधली नाही. माझ्या लेखी हे अर्धे यश.

शेजारच्या स्पेनमध्ये वाट वेगळी होती. गंमत अशी की, या दोन शेजारी देशांचे संगीतकार एकमेकांकडे पाठ करून जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या उन्हाळी वर्गांना जात. पेइशिन्यो तिथे गेले तसे बिल्बाओचे लुईस दे पाब्लोही. हुकूमशहा फ्रँकोनंतरच्या लोकशाही स्पेनने 1983 साली समकालीन संगीताच्या प्रसारासाठी सरकारी केंद्र काढले, दे पाब्लो त्याचे पहिले संचालक झाले आणि 1985 पासून अलिकांतेत महोत्सव भरू लागला. खासगी धनिकाची लहर नको, लोकनियुक्त सरकार बरे, असे म्हणणाऱ्यांनी पुढचेही पाहावे. 2010 साली ते केंद्र एका मोठ्या राष्ट्रीय केंद्रात विलीन झाले, 2012 साली मंदीतल्या सरकारने तिकिटांवरचा कर 8 वरून 21 टक्क्यांवर नेला, आणि अलिकांतेचा महोत्सव पूर्वीच्या रूपात टिकला नाही. लिस्बनमध्ये विश्वस्तांनी 2005 साली प्रतिष्ठानाचा नामांकित बॅले संघही मोडला. दाता कोणीही असो, महोत्सव हा अंदाजपत्रकातला पहिला कापता येणारा खर्च असतो.

यावर एक शहाणा युक्तिवाद आहे: समकालीन संगीताला वेगळा पाट मांडायचाच कशाला? ते नेहमीच्या कार्यक्रमांत मिसळू द्या. ऐकायला पटते. पण ब्राम्सच्या आधी पंधरा मिनिटे बसवलेली नवी कृती श्रोते उशिरा आलेल्यांची खुर्ची शोधत ऐकतात. तिच्याभोवती चर्चा, तालीम, तुलना काही नसते. मिसळणे यशस्वी झाले ते पोर्तोमध्ये, कारण तिथे नुसता कार्यक्रम नव्हता, पगारी वादक होते. 2000 साली स्थापन झालेला रेमिक्स वाद्यगट 2005 साली उघडलेल्या कासा दा मुझिकाचा भाग झाला. आणि लिस्बनमध्येच मिगेल आणि पाऊला आझगीम या संगीतकार जोडप्याने 1985 साली बासरी आणि तालवाद्यांच्या जोडगटापासून सुरू केलेल्या मिझो म्युझिक या संस्थेने 1992 पासून ‘मुझिका विवा’ महोत्सव चालवला. त्यांनी ध्वनिवर्धकांचा वाद्यवृंद तयार केला आणि पोर्तुगीज संगीतकारांचे माहितीकेंद्र काढले. या केंद्राचे काम मला महोत्सवापेक्षाही मोठे वाटते, कारण दुसरा प्रयोग करू पाहणाऱ्याला आधी स्वरलिपी सापडावी लागते.

‘पण ऐकतो कोण?’ हा प्रश्न उरतोच. फार थोडे, हे खरे. मात्र एकदाच वाजलेली अवघड गोष्ट कुणालाच आवडत नाही. ख्यालाची पहिली बैठक तरी कोणाला उमगली होती? नावड सिद्ध व्हायलाही दुसरी संधी लागते.

गोव्यात कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवले जाते, जुन्या गोव्याच्या मोंती चॅपलमध्ये फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेचा संगीत महोत्सव भरतो. तिथल्या आयोजकांना विनंती एवढीच की, पेइशिन्यो यांची एखादी छोटी रचना घ्या, आणि पुढच्या वर्षी तीच पुन्हा वाजवा.