त्या टी-शर्टमागची २९ मिनिटं

तो काळा टी-शर्ट तुम्ही नक्की पाहिलाय. छातीवर गोल शिक्का, मधे गरुड आणि वर मोठ्या अक्षरांत ‘रमोन्स’. तुमच्या कट्ट्यावरही कुणाच्या तरी अंगात असेल. त्याला म्हणा, ‘यांचं एखादं गाणं सांग ना.’ कदाचित उत्तर येईल, ‘गाणं? अरे, ब्रँड आहे तो!’

नाही राव, बँड आहे तो. आणि त्यांच्या पहिल्या अल्बमची गोष्ट भारी आहे.

न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्समध्ये राहणारी चार पोरं १९७४ मध्ये एकत्र आली. सख्खे-चुलत कुणीच नाहीत, तरी सगळ्यांनी आडनाव लावलं ‘रमोन’. सुरुवातीला डी डी गायचा आणि जोई ड्रम्स वाजवायचा. पण डी डीला गाता गाता बेस गिटार वाजवणं जमेना. मग जोई माइकवर आला. नवा ड्रमर शोधायला ऑडिशन्स घेतल्या, तर येणारा प्रत्येक जण नको तेवढी कलाकुसर करायचा. शेवटी मॅनेजरचं काम बघणारा टॉमीच ड्रम्सवर बसला. त्याने याआधी ड्रम्स वाजवलेच नव्हते!

तो जमाना लांबलचक गिटार सोलोंचा होता. जॉनी त्या फंदात पडलाच नाही. त्याचा हात तारांवर फक्त वरून खाली यायचा, तोही सुसाट. गिटार असेल तर करून बघा, दोन मिनिटांत मनगट बोंब मारतं. सीबीजीबी नावाच्या छोट्या क्लबात ते हेच वाजवत राहिले. जे येत नव्हतं ते सोडलं आणि जे येत होतं ते घासून घासून पक्कं केलं.

फेब्रुवारी १९७६ मध्ये ते स्टुडिओत गेले. साधारण आठवडाभरात रेकॉर्डिंग उरकलं, खर्च आला ६,४०० डॉलर. गाणी १४, सगळी मिळून २९ मिनिटं! दोन लेक्चरांच्या मधल्या वेळात अख्खा अल्बम ऐकून होतो. ऐकताना इअरफोन आलटून पालटून काढा. एका कानात गिटार, दुसऱ्यात बेस. शिकणाऱ्यांसाठी फुकटचा क्लासच.

‘रमोन्स’ याच नावाने अल्बम बाजारात आला आणि आपटला. बिलबोर्डच्या यादीत १११ च्या वर सरकलाच नाही. पण जुलैमध्ये बँड लंडनला गेला, तेव्हा तिथल्या पंक पोरांना हा आवाज आधीच चढला होता. सेक्स पिस्टल्सचा सिड व्हिशस याच अल्बमसोबत वाजवून बेस शिकला, असं सांगतात.

अमेरिकेत पाच लाख प्रतींचा ‘गोल्ड’ मान मिळायला मात्र २०१४ उजाडलं. तब्बल ३८ वर्षं! तोवर जोई, डी डी आणि जॉनी गेले होते. उरला होता एकटा टॉमी. त्याच वर्षी जुलैमध्ये तोही गेला.

तुमच्या बँडची गाणीही ‘जरा हात बसू दे, मग रेकॉर्ड करू’ म्हणत मोबाइलमध्ये पडून आहेत का? हात बसवा, जरूर बसवा. पण लोकांना आवडेल की नाही, हे आधी कळावं म्हणून थांबू नका. या चौघांनाही ते कळलं नव्हतं.

आणि पुढच्या वेळी तो टी-शर्ट दिसला की शिक्क्याच्या कडेने लिहिलेली नावं वाचा. आता ती ओळखीची वाटतील.