दोन बोअरच्या मधली जमीन

ठाणे खाडीच्या काठच्या एखाद्या प्लॉटवर बोअरिंग चालू असलं की रिग दिसण्याआधी ठोके ऐकू येतात. तिकाटण्यावर टांगलेला ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून रॉडच्या डोक्यावर पडतो आणि शेजारी उभा असलेला मदतनीस मोठ्याने आकडे म्हणतो. नमुन्याची नळी एकूण ४५ सेंटिमीटर आत घालायची असते. पहिल्या १५ सेंटिमीटरचे ठोके हिशेबात घ्यायचे नाहीत, कारण तळाची माती बोअर मारताना ढवळली गेलेली असते. उरलेल्या ३० सेंटिमीटरला जितके ठोके लागले, तो आकडा वहीत जातो. खाडीच्या काळ्या चिकणमातीत कधीकधी मोजायला काही उरतच नाही. हातोडा उचलण्याआधीच नळी रॉडच्या वजनाने खाली सरकते. त्याच बोअरमध्ये आणखी खाली, मुरमात, पन्नास ठोके पडूनही ती बोटभर हलत नाही.

फोरमनचं लक्ष मात्र आकड्यांपेक्षा पाण्याकडे असतं. बोअरमधून परत येणारं पाणी काळसर असेपर्यंत गाळ, तांबूस-पिवळं झालं की मुरूम. रंग बदलला की तो रॉडवर खडूने खूण करतो. ही खूण चार बोटं वर-खाली झाली तर पुढे संगणकावर थराची सीमाही तेवढीच वर-खाली होणार असते.

“खडक लागला, साहेब.”

“अजून दीड मीटर मारा. कोअर बघू, मग ठरवू.”

साइटवरच्या तरुण इंजिनिअरचा हा हट्ट फोरमनला पटत नाही, पण त्याला कारण आहे. मुंबई परिसरातला बेसाल्ट कुजतो तेव्हा कांद्याच्या पापुद्र्यांसारखा बाहेरून सुटत जातो आणि मधला टणक गोटा मुरमात तसाच राहतो. बोअर नेमकं अशा गोट्यावर बसलं, की वहीत खडक चढतो आणि गोट्याखालचा तीन मीटर मुरूम नोंदीतून नाहीसा होतो. शिवाय इथला खडकही सगळीकडे एकसारखा नाही. टणक बेसाल्टच्या खाली टफ किंवा ब्रेशियाचा मऊ पट्टा असू शकतो. वरळीला तर लाव्हाच्या दोन लोटांच्या मधल्या गाळाच्या थरात बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. म्हणजे एक लोट थंडावल्यावर पुढचा येईपर्यंत तिथे पाणी साचलं होतं, गाळ बसला होता, जीव राहत होते. ‘खाली सगळा काळा पत्थर’ हे मुंबईबद्दलचं विधान ऐकायला भक्कम वाटतं. त्यावर पाया टेकवू नये.

बोअर जेमतेम १५० मिलिमीटर व्यासाचं. ती पन्नास-पन्नास मीटरवर मारली तर प्रत्येक बोअरच्या वाट्याला अडीच हजार चौरस मीटर जमीन येते आणि प्रत्यक्षात पाहिलेला भाग असतो त्याच्या सुमारे एक लाख चाळीस हजारावा. बाकीची सगळी जमीन ऑफिसात बसून भरायची.

भरायची कशी, याचा सर्वांत सोपा मार्ग अंतराचा. समजा, एका बोअरमध्ये खडक १२ मीटरवर लागला, दुसऱ्यात १८ वर. मधला बिंदू पहिल्यापासून १० मीटर आणि दुसऱ्यापासून ३० मीटर दूर आहे. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वजन दिलं, तर पहिल्या बोअरचं मत दुसऱ्याच्या नऊपट होतं आणि उत्तर येतं १२.६ मीटर. हे कागदावरही करता येतं. अडचण अशी, की इमारतीच्या एका कोपऱ्यात पाच बोअर दाटीने मारलेली असतील तर ती पाचही आपापलं मत देतात, आणि एकाच जागेची माहिती पाचदा मोजली जाते.

यावरची पद्धत सोन्याच्या खाणीतून आली. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या खाणींमध्ये मोजक्या नमुन्यांवरून खनिजाची प्रत अजमावावी लागे. खाण अभियंता डॅनी क्रिग यांनी १९५१ मध्ये त्यासाठी संख्याशास्त्र वापरलं. पुढे फ्रान्सच्या जॉर्ज माथेराँ यांनी त्याला गणिताची बैठक दिली आणि पद्धतीला क्रिग यांचंच नाव दिलं: क्रिगिंग. तिची पहिली पायरी म्हणजे जमिनीलाच विचारायचं, की किती अंतरापर्यंत एका जागेचं दुसऱ्या जागेशी नातं टिकतं? बोअरांच्या जोड्या लावून अंतराप्रमाणे फरक कसा वाढतो याचा आलेख काढतात, तो व्हेरिओग्राम. थर आडवे पसरलेले असल्यामुळे आडव्या दिशेत हे नातं दहापट किंवा त्याहून जास्त अंतरापर्यंत टिकू शकतं, उभ्या दिशेत ते एक-दोन मीटरमध्येच तुटतं. दाटीतल्या पाच बोअरांचं वजन क्रिगिंग आपोआप कमी करतं. आणि प्रत्येक अंदाजाबरोबर तो कितपत डळमळीत आहे, याचाही आकडा देतं. हा दुसरा आकडा खरा कामाचा, आणि अहवालातून आधी गळतो तोही हाच.

गणितापर्यंत पोहोचण्याआधी मात्र बरेच दिवस कारकुनीत जातात. एका एजन्सीने ‘पिवळसर घट्ट मुरूम’ लिहिलेला थर दुसरीने ‘पूर्ण विदारित बेसाल्ट’ म्हणून नोंदवलेला असतो. एकाने खोली जमिनीपासून मोजली आहे, पण मधल्या काळात प्लॉटवर दोन मीटर भराव पडला आहे. म्हणून सगळ्या खोल्या आधी समुद्रसपाटीच्या संदर्भात आणाव्या लागतात. ज्या बोअरमध्ये चिकणमाती सापडलीच नाही, तिथे जाडी शून्य भरायची. रकाना रिकामा सोडला तर संगणक ‘माहीत नाही’ असं समजतो आणि शेजारच्या दोन बोअरांतली चिकणमाती बिनदिक्कत तिथून ओढून नेतो. दहा मीटरवर चिकणमातीतच थांबवलेलं बोअर तर हमखास फसवतं. त्यात खडकाचा आकडा नाही म्हणून ते वगळलं जातं. पण खडक दहा मीटरच्या वर नाही, एवढी पक्की साक्ष ते देत असतं. असली अर्धवट बोअर नेमकी खोल जागी जास्त असतात. ती वगळली की खडक चित्रात आहे त्यापेक्षा वर दिसतो.

मग पडद्यावर पृष्ठभाग तयार होतात: हिरवा भरावाचा तळ, निळा चिकणमातीचा, तपकिरी खडकाचा माथा. फिरवून पाहावं इतकं देखणं चित्र असतं. पहिल्या चित्रात बहुतेक वेळा चिकणमातीचा तळ कुठेतरी खडकात घुसलेला सापडतो. प्रत्येक पृष्ठभाग स्वतंत्रपणे काढला की हे होणारच. कुठला थर आधीचा आणि कुठला नंतरचा, हे गणिताला कोणी सांगितलेलं नसतं. जाणकार भूवैज्ञानिक इथे आकडे बाजूला ठेवून घटनाक्रम लिहितात. आधी लाव्हा. मग त्याचं कुजणं. मग ओढ्यांनी कोरलेल्या घळी, कारण सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून खाली होती. मग समुद्र परत चढला आणि त्या घळी खाडीच्या गाळाने भरल्या. सर्वांत वर माणसाने टाकलेला भराव. चिकणमाती खडकाच्या माथ्यावर बसते, त्याला कापत नाही, हा नियम घातला की घुसखोरी थांबते.

घळींचा प्रश्न तरीही उरतो. वीस-पंचवीस मीटर रुंदीचा बुजलेला ओढा पन्नास मीटरवरच्या दोन बोअरांच्या मधून सहज निसटतो. दोन्हीकडे चिकणमाती चार मीटर, म्हणून मध्येही चार मीटर, असं कुठलीही पद्धत म्हणेल. प्रत्यक्षात तिथे ती बारा मीटर असू शकते. जुन्या नकाशातली नाल्याची रेघ, मिठागरांचे बांध, गावकऱ्यांनी सांगितलेली ‘इथे पावसात पाणी तुंबायचं’ ही आठवण, हे सगळं अशा वेळी व्हेरिओग्रामइतकंच वजनदार असतं.

मॉडेल पारखायची एक निर्दय रीत आहे. एकेक बोअर लपवायचं, उरलेल्यांवरून त्याचा अंदाज करायचा आणि ताडून पाहायचं. अर्ध्या मीटरच्या फरकाने अंदाज लागला तर ठीक. चार मीटरने चुकला तर आधी ते बोअर पुन्हा वाचायचं, कारण दोष नोंदीतही असू शकतो.

नेदरलँड्समध्ये हेच काम देशाच्या पातळीवर चालतं. तिथल्या टीएनओ संस्थेचं ‘जिओटॉप’ मॉडेल जमीन १०० बाय १०० मीटर आणि अर्धा मीटर जाडीच्या ठोकळ्यांत मांडतं, समुद्रसपाटीखाली ५० मीटरपर्यंत. प्रत्येक ठोकळ्यात वाळू असण्याची शक्यता किती, चिकणमातीची किती, पीटची किती, असं ते सांगतं. २०१८ पासून तिथल्या सरकारी यंत्रणांना जमिनीखालची माहिती सामायिक नोंदवहीत जमा करणं कायद्याने बंधनकारक आहे. त्रिभुज प्रदेशाच्या सपाट गाळात हे तुलनेने सोपं, हे खरं. पण मुंबईत ३३.५ किलोमीटरच्या कुलाबा–सीप्झ मेट्रोचा बोगदा शहराच्या पोटातून गेला, शेजारी हजारो इमारतींचे पाये खणले गेले, आणि त्या बोअरांच्या नोंदी बहुतांश ज्याच्या त्याच्या फायलीत पडून आहेत. शेजारच्या प्लॉटवर नवा मालक पुन्हा पहिल्यापासून तिकाटणं उभं करतो.

अंदाज सर्वांत डळमळीत असेल तिथे एक जादा बोअर मारावं, असं मॉडेल सुचवतं. ती जागा बहुधा ट्रान्सफॉर्मरखाली किंवा सांडपाण्याच्या वाहिनीवर निघते. मग बोअर सहा मीटर बाजूला सरकतं. त्यानंतर पायलिंग सुरू होतं. पाइलची प्रत्येक जागा म्हणजे खरं तर आणखी एक बोअर. खडक कुठे लागला, पाइल कुठे थांबवली, हे रजिस्टरमध्ये रोज लिहिलं जातं. वीस बोअरांवर बांधलेल्या चित्राला अशा दोनशे नोंदी मिळू शकतात. पण तोवर भूतांत्रिक सल्लागाराचं शेवटचं बिल निघालेलं असतं, त्यामुळे रजिस्टर साइट ऑफिसच्या कपाटात जातं आणि मॉडेल वीस बोअरांवरच राहतं.