खिमार, जिलबाब आणि हिजाब : एका शब्दात हरवलेले अर्थ

इस्लाममधील पोशाखाच्या मर्यादांची चर्चा बहुधा स्त्रीच्या डोक्यावरील वस्त्रापासून सुरू होते. कुरआनातील क्रम निराळा आहे. सूरह नूरच्या ३० व्या आयतीत प्रथम पुरुषांना नजर खाली ठेवण्याची व शील जपण्याची आज्ञा आहे. स्त्रियांना तीच आज्ञा ३१ व्या आयतीत आहे व वस्त्राचा उल्लेख त्यानंतर येतो. हा क्रम अध्यापनात गाळला की विषय एकतर्फी होतो.

त्या आयतीतील शब्द 'खुमुर' आहे. त्याचे एकवचन 'खिमार', म्हणजे डोक्यावरून घ्यावयाचे वस्त्र. मराठीत 'ओढणी' त्याला सर्वांत जवळची. ती 'जुयूब'वर घ्यावी असे सांगितले आहे. 'जुयूब' हे 'जैब'चे अनेकवचन. उर्दूत 'जेब' म्हणजे खिसा, त्यामुळे उर्दू जाणणारा विद्यार्थी येथे अडखळण्याचा संभव अधिक. येथे अर्थ वस्त्राचा गळा, छातीवरील भाग असा आहे. इस्लामपूर्व अरब स्त्रिया ओढणीची टोके पाठीमागे सोडीत, असे भाष्यकार सांगतात.

'जिलबाब' हे बाहेर जाताना अंगावरून घ्यावयाचे मोठे वस्त्र. सूरह अहजाबच्या ५९ व्या आयतीत त्याचे कारणही दिले आहे : स्त्रिया ओळखल्या जाव्यात व त्यांना त्रास होऊ नये. 'हिजाब' शब्द कुरआनात सात ठिकाणी येतो; परंतु तेथे अर्थ पडदा वा आड असा आहे, पोशाखाचा नाही. पोशाखाचा अर्थ नंतर रूढ झाला.

'जे सहज प्रकट होते ते वगळून' या सवलतीबद्दल मतभेद जुनाच आहे. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून चेहरा व हात असा अर्थ सांगितला जातो, हजरत इब्ने मसऊद (रजि.) यांच्याकडून बाहेरील वस्त्रे असा. हनफी व मालिकी फिकहमध्ये चेहरा मुळात सतरमध्ये मोडत नाही. हजच्या इहराममध्ये तर स्त्रीला नकाब घालण्याची मनाई आहे. दोन्ही बाजूंच्या आग्रही मंडळींना याचा विसर पडतो. पुरुषांनाही बेंबीपासून गुडघ्यापर्यंतचे सतर, रेशीम व सोन्याची मनाई, ही बंधने आहेतच.

हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी हिजाब ही इस्लामची अत्यावश्यक धार्मिक प्रथा नसल्याचा निर्णय दिला. वाद वर्गात डोक्यावर घ्यावयाच्या वस्त्राचा, म्हणजे कुरआनच्या भाषेत 'खिमार'चा होता. चर्चेत मात्र 'हिजाब' हाच शब्द राहिला. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला. न्या. हेमंत गुप्ता यांनी अपिले फेटाळली. न्या. सुधांशु धुलिया यांनी ती मान्य केली. अत्यावश्यक प्रथेच्या वादात शिरण्याची गरजच नव्हती असे म्हणून त्यांनी मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न अग्रभागी ठेवला.